पायाखालचं बटण

दादाचे हात आधी गेले की आवाज, हे मला आता खात्रीनं सांगता येत नाही. वहिनी म्हणतात हात. कात्री धरताना अंगठा साथ देईना, मग सुईत दोरा ओवता येईना, आणि गिऱ्हाइकांना "पुढच्या आठवड्यात या" असं सांगता सांगता एके दिवशी दुकान उघडलंच नाही. आवाज त्यानंतर गेला असावा. स्नायूंचा हा आजार माणसाला एकेक टाका करत उसवतो, असं दादाच एकदा म्हणाला होता, बोलता येत होतं तेव्हा.

शेवटी उरले डोळे, मानेची थोडी हालचाल आणि उजवा पाय. उजवाच का उरला, ते डॉक्टरांनाही नीट सांगता आलं नाही. वहिनींचं म्हणणं असं, की ज्या पायानं जन्मभर मशीन चालवली त्याला थांबायचं कसं तेच ठाऊक नाही.

त्या पायासाठी बटण आलं. वाचा-उपचार करणाऱ्या बाईंनी ते आणलं आणि बसवूनही दिलं. चाकाच्या खुर्चीला एक दांडी, दांडीवर टॅबलेट. टॅबलेटच्या पडद्यावर अक्षरांच्या ओळी एकामागून एक उजळत राहतात. हवी ती ओळ उजळली की पायानं बटण दाबायचं. मग त्या ओळीतलं एकेक अक्षर उजळतं, हवं ते आलं की पुन्हा दाबायचं. वाक्य झालं की टॅबलेट ते मोठ्यानं वाचतो. बटणाला वायर नाही. वरच्या बाजूला मुगाएवढा निळा दिवा, बस्स.

टॅबलेटचा आवाज होता एका तरुण मुलीचा, बातम्या सांगणारीसारखा.

"अहो बाई, निदान पुरुषाचा तरी आवाज घाला," वहिनी म्हणाल्या. "शेजारी काय म्हणतील?"

"यात मराठी आवाज एकच आहे, आजी. सवय होईल."

दादानं पहिलं वाक्य लिहिलं ते असं: "आयुष्यभर मी बटणं लावली. आता बटण मला बोलायला लावतंय." तेवढं होईपर्यंत माझा चहा गार झाला होता. पण आम्ही सगळे हसलो, आणि दादाही, डोळ्यांनी.

यंत्र सांभाळायचं काम माझ्याकडं आलं. मी छापखान्यात मुद्रितं तपासण्यात नोकरी संपवली, यंत्रातलं मला काही कळत नाही. पण वहिनींनी माहितीपुस्तिका माझ्या हातात ठेवली आणि म्हणाल्या, "भाऊजी सगळं वाचतात. औषधाच्या बाटलीवरचंसुद्धा." नाही म्हणणं मला कधी जमलेलं नाही. मी रोज दुपारी दोन गल्ल्या ओलांडून जाऊ लागलो.

सुरुवातीचे महिने बरे गेले. दादा फार बोलायचा असं नाही. "पंखा." "चहात साखर कमी." एकदा मी घातलेल्या शर्टाकडं बराच वेळ बघून त्यानं लिहिलं, "कॉलर कुणी शिवली? त्याला पकडा." ते वाक्य टॅबलेटमधली मुलगी इतक्या गंभीरपणे म्हणाली, की वहिनी स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आल्या.

मग त्याच्या पायाला सूज येऊ लागली. बटण पुढं चवड्याच्याही पलीकडं होतं, त्यासाठी पाय लांब करावा लागायचा. वहिनी म्हणाल्या, जरा मागं घ्या की ते. मी घेतलं. चवड्याच्या बरोबर खाली येईल असं चिकटपट्टीनं बसवलं. दादाचे डोळे निवल्यासारखे दिसले. आपण काहीतरी शहाणपणाचं केलं, असं मला वाटलं.

त्याच आठवड्यात बटण तुटू लागलं. तुटू लागलं म्हणजे मोडलं नाही, टॅबलेटशी असलेली त्याची जोडणी तुटायची. दादा एक-दोन शब्द लिहायचा आणि पडद्यावर पाटी यायची, "जोडलेले नाही." ओळी उजळत राहायच्या, पण पाय कितीही दाबला तरी थांबायच्या नाहीत.

मी बाईंना फोन लावला.

"काका, टॅबलेट बंद करून चालू केलात?"

"केला."

"बटणाची बॅटरी?"

"नवी घातली."

"मग जोडलेल्या उपकरणांची यादी उघडा. बटणाच्या नावापुढं 'विसरा' असेल, त्यावर टिचकी मारा. मग बटण दाबून धरा, निळा दिवा भराभर लुकलुकायला लागेल. म्हणजे ते नवी जोडी शोधतंय. यादीत त्याचं नाव परत आलं की जोडा."

मी तसं केलं. अंगठ्यानं बटण दाबून धरलं, दिवा लुकलुकला, यादी आली. यादीत कुणाचे तरी गाणी ऐकायचे कानातले, कुणाचा टीव्ही, आणि दोन नुसत्याच आकड्यांची नावं. त्यातलं एक मी जोडलं. पडद्यावर "जोडले" असं आलं. मी खूश. दादाचं बटण मीच दाबून बघितलं तर काही होईना. पडद्यावर आधी लिहिलेले दोन शब्द होते, ते वाचायची खूण तीन-चारदा दाबली, तर आवाजही येईना. थोड्या वेळानं दाराची घंटा वाजली. खालच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर.

"तुमच्याकडून कुणी माझ्या स्पीकरला जोडलंय का हो? वेटिंगमध्ये बायका बसल्यात, आणि एक मुलगी सारखी 'पाठ खाजव' म्हणतीये."

वहिनी पदर तोंडाला लावून आत गेल्या. मी माफी मागितली. दादाचे डोळे किती वेळ हसत होते. पण त्याला जे सांगायचं होतं ते पाठ खाजवण्याचंच होतं, आणि ते आम्हाला खालच्या मजल्यावरून कळलं.

ते बटण मी नंतर बरोबर जोडलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तुटलं. मी विसरायचो, जोडायचो. ते तुटायचं. वरच्या घरातल्या मुलाला त्याचे कानातले बंद ठेवायला सांगितलं. टीव्ही बंद ठेवला. टॅबलेट खिडकीपासून लांब नेला, मग भिंतीपासून लांब नेला. मला यातलं काही कळत नव्हतं, पण न कळणारा माणूस जे जे करतो ते सगळं केलं.

सगळ्यात विचित्र गोष्ट अशी, की माझ्या हातात ते चालायचं. मी खुर्चीखाली वाकून बोटानं दाबलं की ओळ थांबायची, अक्षर थांबायचं, शब्द व्हायचा. तासभर चाललं तरी तुटायचं नाही. दादाच्या पायाखाली गेलं की एक-दोन शब्दांत संपायचं.

एका दुपारी मी निघताना वहिनी जिन्यापर्यंत आल्या. दार अर्धं ओढून घेतलं.

"भाऊजी, खरं सांगा. बटण बिघडलंय की पाय?"

"पाय कसा बिघडेल?"

"हात कसे बिघडले?"

मी म्हणायला हवं होतं की मला माहीत नाही. मी म्हणालो, "बघू." त्या दोन अक्षरांतून त्यांनी काय घ्यायचं ते घेतलं. संध्याकाळी त्यांनी बेबीला फोन केला.

बेबी म्हणजे दादाची एकुलती एक मुलगी. केस निम्मे पांढरे झालेत, एका मोठ्या कंपनीत हिशेबाची प्रमुख आहे, पण घरात अजून बेबीच. राहते लांब, रात्रभराच्या प्रवासावर. आपल्या घराजवळ तिनं एक शुश्रूषाकेंद्र बघून ठेवलेलं होतं. तिथं माणसाला उचलायचं यंत्र आहे, नर्स आहेत, बाग आहे. ती कधीपासून म्हणत होती, की बाबा तिथं राहतील आणि आई माझ्याकडं. वहिनींची कंबर गेली होती, दादाला खुर्चीतून पलंगावर घेताना त्या ओठ चावायच्या. तरी हो-नाही चाललं होतं, कारण बेबीनं एक गोष्ट पक्की ठरवली होती. बाबा स्वतः सांगतील तेव्हाच. आता पायही चालला असं ऐकल्यावर तिनं रजा घेतली आणि शनिवारी आली.

"काय काका, चालतंय का तुमचं यंत्र?"

"सकाळी चाललं."

"सकाळी कोण बोललं?"

"मीच. म्हणजे, तपासून बघितलं."

"काय लिहिलंत?"

"क ख ग घ."

"वा. बऱ्याच गप्पा झाल्या की."

ती हसली, पण बॅग ठेवायच्या आधी बाबांच्या पायाशी बसली आणि त्यांचा उजवा पाय दोन्ही हातांत घेतला. घोट्यावर अंगठा फिरवला. दादा तिच्या डोक्याकडं बघत राहिला.

त्यानं लिहायला घेतलं. आम्ही तिघं पडद्याकडं बघत उभे. ओळ थांबली, अक्षर थांबलं: "ह". पुन्हा ओळ थांबली. मग पाटी आली. मी वाकून जोडलं. पुन्हा "ह", पुन्हा पाटी. तिसऱ्यांदा मी जोडायला वाकलो तेव्हा बेबी म्हणाली, "राहू द्या काका. दमवू नका त्यांना."

तिनं स्टूल ओढून त्याच्या समोर घेतलं.

"बाबा, इकडं बघा. एकदा डोळे मिटले की हो, दोनदा मिटले की नाही. माझ्याबरोबर तिकडं यायचं ना? यायचं?"

दादा तिच्याकडं बघत राहिला. मग त्याची नजर स्वयंपाकघराच्या दाराकडं गेली, तिथं वहिनी उभ्या होत्या. तिथून परत आली. त्यानं डोळे एकदा मिटले, सावकाश, आणि उघडले.

"हो म्हणाले," बेबी म्हणाली आणि रडायला लागली.

वहिनी म्हणाल्या, "मग मी कपडे काढायला घेते."

मला काय वाटलं ते लिहायला संकोच होतो, पण मला हलकं वाटलं. तिथल्या लोकांना यंत्रातलं कळत असेल, असं मी मनात म्हटलं. संध्याकाळी बाईंचा फोन आला. उद्या सकाळी या बाजूला येणार आहे, येऊन बघून जाऊ का, असं विचारत होत्या. मी म्हणालो, आता कशाला त्रास घेता. बेबीनं तोवर केंद्रात खोली सांगून ठेवली होती आणि सोमवारी सकाळची गाडीही ठरवली होती, आडवं झोपवून नेतात तसली.

रविवारी दुपारी बेबी प्रवासाचं सामान आणायला बाहेर गेली. वहिनी आत बॅग भरत होत्या. मला म्हणाल्या, तेवढं यंत्र काढून डब्यात घाला. टॅबलेट मी शेवटी काढणार होतो, म्हणून आधी बटण सोडवायला जमिनीवर बसलो, मांडी घालून, खुर्चीच्या पायांशी. आजवर मी नुसता वाकायचो, जोडायचो आणि पडद्याकडं बघायचो. सगळेच पडद्याकडं बघायचे. पायाकडं कुणी बघत नव्हतं.

आल्या आल्या सवयीनं मी बटण जोडून ठेवलं होतं. वर दादानं लिहायला सुरुवात केली होती, मला माहीत नव्हतं. मी पाय बघत होतो. पायानं बटण दाबलं, स्वच्छ, ठाम, आणि उचललं. पुन्हा दाबलं, उचललं. हा पाय काही गेलेला नव्हता. त्या घरात तोच एक अवयव असा होता ज्याला आपलं काम नीट येत होतं. मग अक्षर निवडून झालं असावं, पुढची ओळ यायला वेळ होता, आणि पाय बटणावर टेकला. उचललाच नाही. तसाच टेकून राहिला, वाट बघत.

कापड फिरवताना तो असाच टेकवायचा. एक टीप मारून झाली, बाही वळवायची, तर हात वर काम करायचे आणि पाय पायडलवर निवांत. पायडलवरून पाय काढणारा शिंपी नवशिका, असं तो दुकानातल्या कारागिरांना ऐकवायचा.

बटणावरचा निळा दिवा भराभर लुकलुकायला लागला. अगदी माझ्या अंगठ्याखाली लुकलुकायचा तसा. वर पाटी आली असणार, ते मी बघितलं नाही.

मी चिकटपट्टी सोडवून बटण पुढं सरकवलं, पूर्वीच्या जागी. वहिनींच्या कपड्यांच्या ढिगातला एक टॉवेल घेतला, घडी केली आणि त्याच्या टाचेखाली दिली.

"दादा," मी म्हणालो, "टाच यावर टेकव. चवड्यानं दाब आणि लगेच उचल. वर पाय ठेवून बसू नकोस. मशीन नाही ही."

त्यानं माझ्याकडं बघितलं. काय होतं त्या बघण्यात ते मी सांगू शकणार नाही. मी बटण जोडलं. त्यानं लिहायला घेतलं. मला वाटलं, आता मला चार शब्द ऐकवेल, आणि ऐकवले असते तर बरं झालं असतं. ओळी उजळत होत्या, थांबत होत्या. जोडणी टिकली.

"हिला कुणी विचारलं का," टॅबलेटमधली मुलगी म्हणाली.

आतून वहिनींचा आवाज आला, "कोण बोललं?"

"दादा."

त्या बाहेर आल्या. हातात अर्धवट घडी घातलेला स्वेटर. "काय म्हणाले?"

दादानं तेच वाक्य पुन्हा वाचायला लावलं. हिला कुणी विचारलं का.

"मला काय विचारायचंय?" वहिनी माझ्याकडं बघून म्हणाल्या. उत्तर दादा लिहीत होता. त्या उभ्या राहिल्या, मग घडी पुरी केली, मग ती उलगडली.

"तुला यायचंय का."

"आता काय त्याचं," वहिनी म्हणाल्या. "बॅग भरत आली."

त्या पलंगाच्या कडेला बसल्या. खालच्या मजल्यावर दातांचं यंत्र घरघरत होतं, म्हणजे डॉक्टर रविवारीही कुणाला तरी बघत होते. ते थांबलं तेव्हा वहिनी म्हणाल्या, "नाही." इतकं हळू, की म्हणाल्यावर त्यांनाच खजील झाल्यासारखं झालं. "लेकीच्या घरात चहा टाकायचा तर डबे कुठले ते विचारून टाकायचा. माझं सगळं इथं आहे. पण तुम्हाला उचलवत नाही हो मला आता. म्हणून गप्प बसले."

ओळी उजळू लागल्या.

"मी जातो. तू राहा."

"हे काय बोलणं झालं?" वहिनी ताडकन म्हणाल्या. "मी राहते, तुम्ही जा. दौऱ्यावर निघालात का? आणि मी इथं कुणाच्या तोंडाकडं बघू? आणि एवढं होतं मनात तर काल डोळे कशाला मिटलेत? मला विचारलंत का डोळे मिटताना?"

दादा लिहीत होता. वहिनींना त्याच्यासाठी थांबायची सवय नव्हती, रागात तर नाहीच. त्या पुढचं बोलत गेल्या, आणि त्याची उत्तरं मागून येत राहिली, केव्हाच मागं पडलेल्या वाक्यांची. "दौरा नाही," टॅबलेटमधली मुलगी म्हणाली, तेव्हा वहिनी त्याच्या औषधांवर पोचल्या होत्या. "मला विचारलं ते येणार का. तुझं नाही विचारलं," असं आलं तेव्हा त्या रडत होत्या.

बेबी पिशव्या घेऊन आली ती यात. दारातच थांबली.

"काल तर हो म्हणाले होते," ती म्हणाली.

"काल तू त्याचं विचारलंस," मी म्हणालो. एवढं बोलल्यावर मला आणखी बोलावं लागलं. "बटण आत्ता चालू झालं."

"कसं?"

मी टाचेखालचा टॉवेल दाखवला. ती खाली बसून बघत राहिली. पाय दाबत होता, उचलत होता.

"पाय तर चांगला आहे," ती म्हणाली.

वहिनी डोळे पुसत म्हणाल्या, "उचलायला एखादी बाई ठेवली असती, तर इथंच..."

"आई, आता कधी शोधणार? उद्या सकाळी गाडी आहे. माझी रजा संपली. तिथली खोली परत कधी रिकामी होईल सांगता येत नाही."

मी टोपी घेऊन निघालो. त्या तिघांनी आपसात बोलावं म्हणून निघालो, असं मी स्वतःला सांगितलं. कदाचित मला तिथं थांबवत नव्हतं.

सोमवारी दादा गेला आणि वहिनी राहिल्या. काही दिवसांपुरतं, असं सगळे म्हणाले, अजूनही म्हणतात. तिथं त्याची व्यवस्था चांगली आहे. बेबीनं टाचेखाली उशी शिवून घेतली आहे आणि जोडणी तुटत नाही. रोज दुपारी त्याचं एखादं वाक्य वहिनींच्या फोनवर येतं. "आज पाऊस." "इथला नर्सचा गणवेश खांद्यात चुकलाय." वहिनी चष्मा लावून वाचतात आणि मला वाचून दाखवतात. मी अजून दुपारी जातो. काम काही नसतं.

परवा त्या चहाचा कप माझ्यापुढं ठेवून म्हणाल्या, "भाऊजी, ते शनिवारी बोलले असते ना, तर आम्हाला भांडायला दोन दिवस मिळाले असते."

"हो," मी म्हणालो. "तुम्ही राहताय हे नीट ठरवून तरी राहिला असता."

"कसली राहतेय," वहिनी म्हणाल्या. "दोन दिवसांत मी जिंकले असते. त्यांना एकटं जाऊ दिलंच नसतं. डबे विचारत का होईना, गेले असते त्यांच्याबरोबर."

त्या कपाकडं बघत होत्या.